मडक्याचा घाम, ग्लासाचा घाम

मी विज्ञानाचा शिक्षक नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी आणि उर्दू शिकवतो. बारावीला विज्ञान घेतले होते, रसायनशास्त्रात गटांगळ्या खाल्ल्या, म्हणून कला शाखेकडे वळलो, पुढे बी.एड. केले आणि शिक्षक झालो. तेव्हा आज पाण्याबद्दल आणि रसायनशास्त्राबद्दल लिहायला बसलो आहे, त्याला एक बदली तास कारण झाला.

जुलै महिना होता. विज्ञानाचे सर रजेवर गेले आणि नववीचा तास माझ्याकडे आला. बदली तासाला मुले गोंगाट करणार हे ठरलेलेच. त्यांना कामाला लावावे म्हणून मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला: ‘चहाचे पाणी उकळताना बुडबुडे येतात. त्या बुडबुड्यांत काय असते?’ मला वाटले होते, सोपा प्रश्न आहे, दोन मिनिटांत संपेल. निम्म्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, “हायड्रोजन और ऑक्सिजन, सर!” काहींनी ‘हवा’ म्हटले, दोघातिघांनी ‘गर्मी’ म्हटले. ‘वाफ’ म्हणणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली, आणि गंमत म्हणजे ती वर्गातली ‘हुशार’ मुले नव्हती. हायड्रोजन-ऑक्सिजन म्हणणारी मात्र बहुतेक हुशार होती. पाण्याचे सूत्र एच टू ओ आहे हे त्यांना पाठ होते, त्यामुळे पाणी तापले की त्याचे दोन भाग सुटे होतात असा हिशोब त्यांनी मनात मांडला होता.

मला हसू आले नाही. कारण बारावीत मीही हेच उत्तर दिले होते. तेव्हा आमचे प्राध्यापक हसले, त्यांच्यामागे वर्ग हसला आणि पुन्हा कधी रसायनाच्या तासाला मी तोंड उघडले नाही. माझे उत्तर चुकीचे होते हे मला त्या दिवशी कळले, पण का चुकीचे होते हे कोणी सांगितलेच नाही. ते मला कळायला पंचवीस वर्षे आणि एक बदली तास लागला.

घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळले की ही आपल्याच मुलांची चूक नाही. रॉजर ऑस्बर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह या दोन अभ्यासकांनी न्यूझीलंडमध्ये ८ ते १७ वर्षांच्या मुलांना उकळते पाणी दाखवून अगदी हाच प्रश्न विचारला होता. त्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. तिथेही शाळेत वरच्या वर्गांत गेलेली मुले ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ म्हणत होती. म्हणजे ही चूक अडाणीपणातून आलेली नाही, ती शाळेतून आलेली आहे. सूत्र आधी मिळाले आणि समज मागे राहिली की असे होते.

खरे काय आहे ते मुलांनाच तपासता येते. पाणी तापायला लागले की सुरुवातीला भांड्याच्या बुडाशी आणि कडेला जे बारीक बुडबुडे दिसतात, ती पाण्यात विरघळलेली हवा असते. पाणी खदखदून उकळू लागले की येणारे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे असतात. वाफ म्हणजेही पाणीच, त्याचा प्रत्येक रेणू तसाच अखंड. त्याचे दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एकमेकांना धरूनच असतात, फक्त रेणू एकमेकांपासून दूर जातात. रेणूंना एकमेकांपासून दूर करायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण सातपट ऊर्जा रेणू फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला लागते. चुलीच्या आचेवर ते होत नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलांना एवढेच विचारले, “हायड्रोजन पेट घेतो हे तुम्ही शिकलात. ऑक्सिजन जळायला मदत करतो हेही शिकलात. मग गॅसच्या ज्योतीवर तुमच्या अम्मीने ठेवलेल्या चहाच्या पाण्यातून हे दोन्ही निघत असते, तर रोज सकाळी काय झाले असते?” वर्ग क्षणभर गप्प झाला, आणि मग एकजण म्हणाला, “सर, घरच उड जाता!”

अशा चुका मुले मूर्ख म्हणून करत नाहीत. प्रत्येक चुकीमागे काहीतरी पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले असते. त्याचे सर्वात चांगले उदाहरण मला त्याच आठवड्यात मिळाले. स्टीलच्या ग्लासात बर्फ घालून तो टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने बाहेरून थेंब जमले. “ग्लास को पसीना आया,” मुले म्हणाली. पाणी कुठून आले? मागच्या बाकावरच्या एका मुलीने ठामपणे सांगितले, “अंदर का पानी झिरपके बाहर आया सर, मटके के सरीखा.”

विचार करा, या मुलीचे काय चुकले? आपल्या भागात मार्च उजाडला की घराघरांत मडके येते. नवे मडके बाहेरून ओले होते, कारण मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी खरोखरच पाझरते. ते पाणी बाहेरच्या हवेत उडून जाते, जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. या मुलीने लहानपणापासून पाहिलेले गार भांडे म्हणजे मडके, आणि मडके खरेच झिरपते. तिने एक खरा अनुभव दुसऱ्या ठिकाणी लावला. तिला ‘चूक, खाली बस’ म्हटले असते तर ती मनात म्हणाली असती, मी डोळ्यांनी पाहिले ते खोटे आणि सर सांगतात ते खरे? मग तिने परीक्षेसाठी एक उत्तर ठेवले असते आणि घरासाठी दुसरे. आपली बहुतेक मुले असेच करतात. त्यांच्या डोक्यात दोन विज्ञाने शेजारी शेजारी राहतात आणि त्यांची कधी भेट होत नाही.

आम्ही भेट घडवून आणली. एका ग्लासात लाल सरबत आणि बर्फ घातला. बाहेर थेंब आले ते पाण्यासारखेच, रंग नाही. काहींना पटले. ती मुलगी मात्र पटकन मानणारी नव्हती. म्हणाली, रंग आत अडकला असेल आणि पाणी तेवढे बाहेर आले असेल. मला तिचा राग यायला हवा होता. मला कौतुक वाटले. मग जवळच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. कोरडा ग्लास, त्यात बर्फ, वर झाकण, आणि सगळे मिळून काट्यावर. तिलाच विचारले, “पाणी आतून बाहेर आले आणि ग्लासाला चिकटून राहिले, तर वजन वाढेल, कमी होईल की तेवढेच राहील?” तिने विचार करून सांगितले, “उतनाच रहेगा.” अर्ध्या तासाने वजन दोन ग्रॅमने वाढले होते. ती काट्याकडे बघत राहिली. पाणी बाहेरून आले, हवेतून आले, हे मी सांगितलेच नाही. ते तिला काट्याने सांगितले.

आता भाषाशिक्षक म्हणून माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. पाण्याबद्दलच्या निम्म्या गलतफहम्या शब्दांतून येतात, आणि शब्द तर आम्हीच शिकवतो. ‘पावसाळा’ या विषयावर निबंध लिहून घेताना ‘सूर्य समुद्राचे पाणी ओढून घेतो’ हे वाक्य मी कित्येक वर्षे आनंदाने लिहून दिले. मुलांना ते इतके पटले की बाष्पीभवनासाठी ऊन हवेच अशी त्यांची खात्री झाली. मग रात्री दोरीवरचे कपडे कसे वाळतात? मशिदीच्या हौदाशेजारची ओली फरशी सावलीत असूनही का सुकते? कोणी विचारले नाही म्हणून त्यांनीही विचार केला नाही.

दुसरे उदाहरण ‘वितळणे’ आणि ‘विरघळणे’. बर्फ वितळतो, साखर पाण्यात विरघळते. वितळायला फक्त उष्णता लागते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. पण रोजच्या मराठीत आपण ‘बर्फ विरघळला’ असे सहज म्हणतो. आमच्या मुलांच्या दखनी बोलीत बर्फही पिघलता आणि शक्करही पिघलती. पुस्तकातल्या उर्दूत ‘पिघलना’ आणि ‘घुलना’ वेगळे आहेत, पण मूल पुस्तकात राहत नाही, बोलीत राहते. म्हणून नववीतल्या मुलालाही वाटते की मीठ पाण्यात ‘पाणी’ झाले, किंवा ते नाहीसेच झाले. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवले तर द्रावणाचे वजन ११० ग्रॅम भरते, हे काट्यावर दाखवल्याशिवाय मुलांना खरे वाटत नाही.

उर्दूत आणखी एक गंमत आहे. वाफेला पुस्तकात ‘बुखारात’ म्हणतात. मुलाला ‘बुखार’ म्हणजे ताप एवढेच ठाऊक. मूळ अरबीत ‘बुखार’ म्हणजेच वाफ, हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात आणि शब्द कायमचा लक्षात राहतो. मराठीत ‘वाफ’ म्हटले की मूल किटलीच्या तोंडासमोरचा पांढरा धूर डोळ्यांसमोर आणते. खरी वाफ तर दिसतच नाही. किटलीच्या तोंडापाशी जी थोडी मोकळी जागा दिसते, तिथे ती असते. पुढचे पांढरे ढग म्हणजे गार हवेत परत पाणी झालेले बारीक थेंब.

आणि ‘प्राणवायू’! किती सुंदर शब्द. पण पाण्याच्या रेणूत प्राणवायू आहे म्हटले की मूल म्हणते, मासे तोच प्राणवायू घेतात. एक लिटर पाण्याच्या वजनात जवळजवळ ८९० ग्रॅम ऑक्सिजनच असतो, पण तो हायड्रोजनशी जखडलेला असतो. माशाला त्याचा श्वासासाठी काडीचा उपयोग नाही. मासा जगतो तो पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर, आणि तो २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे फार तर आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पाणी तापले की तोही कमी होतो. उन्हाळ्यात तळ्यातले मासे का तडफडतात याचे एक कारण इथे आहे. संयुग आणि मिश्रण, उर्दूत मुरक्कब आणि आमेज़ा, यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पाणी हे संयुग आहे, आणि नदीचे पाणी हे मिश्रण आहे. एकाच भांड्यात दोन्ही.

आपल्या मुस्लिम घरांतल्या मुलांसाठी एक शब्द आणखी जपून वापरायला हवा. तो म्हणजे ‘शुद्ध’. आपल्याकडे पाण्याचे तीन निकष एकाच वेळी चालतात. एक ‘पाक’, म्हणजे वुज़ूला चालणारे. दुसरा ‘पिण्यालायक’. तिसरा रसायनशास्त्रातला ‘शुद्ध’, म्हणजे ज्यात पाण्याशिवाय दुसरे काही नाही. समुद्राचे पाणी पाक आहे, पण ते पिता येत नाही आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने शुद्धही नाही. गुलाबजल स्वच्छ असते, सुगंधी असते, पण बहुसंख्य उलेमांच्या मते त्याने वुज़ू होत नाही. ऊर्ध्वपातित पाणी शुद्ध असते, पण रोज प्यायचे पाणी ते नव्हे. त्याला चवही नसते. विहिरीचे निर्मळ पाणी पिण्यालायक असते, पण त्यात क्षार असतात. मुलांनी हे तीन शब्द एकच समजले तर विज्ञानही बिघडते आणि दीनही बिघडतो. वेगवेगळे करून सांगितले तर दोन्ही आपापल्या जागी स्पष्ट होतात.

क्षारांवरून आठवले. आमच्या भागातले पाणी जड. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. एक मुलगा म्हणाला, “पानी जलके चूना होता, सर.” वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना थांबवले आणि गोष्ट सांगितली. पाणी तापवून आटवले की त्याची माती होते, असे युरोपातले मोठमोठे विद्वान शेकडो वर्षे मानत होते. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७६८-६९ मध्ये बंद काचपात्रात पाणी १०१ दिवस तापवत ठेवले. तळाशी थोडा गाळ आलाच. पण त्याने काचपात्रही तोलले होते. पात्राचे वजन घटले होते, आणि गाळ बहुतांशी त्या काचेतूनच आला होता. पाण्याची माती झालीच नव्हती. आमच्या पातेल्यातला चुना काचेतून येत नाही. तो पाण्यात आधीपासून विरघळलेला असतो आणि पाणी गेले की मागे उरतो. पण त्या मुलाचा प्रश्न लाव्हाझिएच्या काळातला मोठा प्रश्न होता, हे ऐकून त्याची मान ताठ झाली.

खरे तर पाण्याच्या बाबतीत सगळी माणुसकीच दोन हजार वर्षे चुकत होती. यूनानी हकीम आणि त्यांच्यामागून आपले हकीमही पाण्याला चार मूलतत्त्वांपैकी एक मानत होते: आब, आतिश, ख़ाक, बाद. भारतात पंचमहाभूते. पाणी हे मूलद्रव्य नाही, हे १७८० च्या दशकात कॅव्हेंडिश आणि लाव्हाझिए यांच्या कामातून ठरले. ‘हायड्रोजन’ या नावाचा अर्थच ‘पाणी घडवणारा’. १८०० साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी वीज सोडून पाणी फोडून दाखवले. आणि ज्याने अणूची कल्पना मांडली, त्या डाल्टनने १८०८ च्या आपल्या ग्रंथात पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन धरले होते. म्हणजे डाल्टन आमच्या शाळेत असता तर एच टू ओ च्या प्रश्नाला त्याला शून्य गुण मिळाले असते! एवढ्या मोठ्या माणसांना जे समजायला पिढ्या लागल्या, ते चौदा वर्षांच्या मुलाने पस्तीस मिनिटांत समजावे, ही आपली अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल, एवढे मनावर का घ्यायचे? चहाच्या बुडबुड्यांनी काय बिघडते? बिघडते. पाणी उकळले की त्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन होतात असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतली भिंतच कोसळलेली असते. मीठ विरघळले की नाहीसे होते असे ज्याला वाटते, त्याला वस्तुमान अक्षय्यतेचा नियम निव्वळ पाठांतर वाटणार. पुढे द्रावणाची तीव्रता, आम्ल-आम्लारी, विद्युत अपघटन, मोल, सगळे पाण्यातच चालते. पाया चुकला की पुढची प्रत्येक वीट वाकडी बसते. मूल तरीही दहावीला चांगले गुण मिळवते, कारण प्रश्न सूत्र लिहायचा असतो. मग अकरावीला माध्यम बदलते, उर्दू जाऊन इंग्रजी येते, तीन भाषांतल्या तीन अर्धवट समजुती एकमेकींवर आदळतात आणि मूल म्हणते, केमिस्ट्री अपने बस की बात नहीं. हे वाक्य मी स्वतः म्हटले आहे. आपल्या समाजातली किती मुले-मुली या एका वाक्याने विज्ञानाच्या दारातून परत फिरली असतील!

विज्ञानाच्या शिक्षकांची बाजूही मला माहीत आहे. साठ मुलांचा वर्ग, प्रयोगशाळेला कुलूप, पोर्शन संपवायची घाई. पण एक ग्लास, थोडा बर्फ आणि किराणा दुकानाचा काटा यांना अनुदान लागत नाही. आधी विचारा, उत्तर मुलांना त्यांच्याच बोलीत वहीत लिहू द्या, मग दाखवा, आणि नाव सगळ्यात शेवटी सांगा. उकळण्याआधीचे आणि नंतरचे पाण्याचे रेणू चित्रात काढायला लावा. मुलाच्या डोक्यात काय आहे ते त्या चित्रात लगेच दिसते. गेलेला वेळ पुढच्या वर्षी व्याजासकट परत मिळतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वीच दाखवून दिले होते की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांची समज वाढते. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा विज्ञान उर्दूत शिकवण्यासाठी जाणकारांनी बसून एकेक शब्द घडवला होता. आज ते शब्द पुस्तकात आहेत, पण मुलाच्या बोलीपर्यंत पोहोचवायचे काम आपले आहे. ते एकट्या विज्ञानशिक्षकाचे नाही. म्हणून आम्ही आता वर्गाच्या भिंतीवर मराठी, उर्दू आणि घरची बोली अशा तीन रकान्यांचा तक्ता लावला आहे. त्यातले शब्द मुलेच भरतात. विज्ञानाचे सर आणि मी आठवड्यातून एकदा त्यासमोर बसतो.

पालकांनाही एक विनंती. मूल घरी येऊन काही विचारू लागले तर ‘किताब में जो है वही लिख’ म्हणू नका. पुस्तकात उत्तर असते, प्रश्न घरातच असतो. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात, मडक्याखाली साचलेल्या पाण्यात, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर.

काट्याचा तास संपल्यावर ती मागच्या बाकावरची मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, “सर, पानी हवा में पहले से था, तो दिखता क्यों नहीं था?” मला उत्तर नीट माहीत नव्हते. मी तिला तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे सर परत आले, तेव्हा तिला त्यांच्याकडे घेऊन गेलो आणि दोघांचे बोलणे संपेपर्यंत शेजारी उभा राहून ऐकत राहिलो. पंचवीस वर्षांनी रसायनशास्त्राच्या शिक्षकासमोर मी उभा होतो आणि कोणी हसत नव्हते.